‘अ‍ॅडमिट करावं लागेल’: किशोरवयीन मुलासोबत मनोविकार वॉर्डात

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी शिक्षणसंस्थांना १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातली एक अशी, की जिथे १०० किंवा जास्त विद्यार्थी शिकतात तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवाच. हे नीट राबलं, तर शाळेतून, कॉलेजातून, नीट-जेईईच्या क्लासमधून ‘जरा येऊन भेटता का?’ असा फोन जास्त घरांत जाईल. समुपदेशक डॉक्टरांना दाखवायला सांगतो, डॉक्टर तपासतात, आणि बहुतेक मुलांचं गोळ्या आणि समुपदेशन एवढ्यावर भागतं. पण काहींच्या बाबतीत टेबलापलीकडून वेगळंच वाक्य येतं: ‘याला अ‍ॅडमिट करावं लागेल.’

हेच वाक्य अपेंडिक्ससाठी आलं असतं तर डबा कोण आणणार, रात्री कोण थांबणार हे दहा मिनिटांत ठरलं असतं. मनाच्या आजारात मात्र घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. आत नक्की काय होतं, आपल्याला बाहेर काढतील का, मूल आपल्याला माफ करेल का, यातलं काहीच ठाऊक नसतं. यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं, म्हणून आधी देतो: नाही, काढणार नाहीत. आपल्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलासोबत पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने वॉर्डात पूर्ण काळ राहायचं असतं. परदेशातले नातेवाईक फोनवर ‘आमच्याकडे फक्त भेटीच्या वेळेत सोडतात’ असं सांगतील. त्यांच्याकडे तसंच असतं. आपल्याकडे पालक आत असतो, आणि म्हणून त्याला आतलं काम माहीत असायला हवं.

ताडपत्री आणि शाकारणी

कौलारू घर ऐन आषाढात गळायला लागलं तर आपण कौलं परतत बसत नाही. वर ताडपत्री टाकतो, खाली पातेली ठेवतो. शाकारणी पाऊस उघडल्यावर. भरती ही ताडपत्री आहे. जीव सुरक्षित ठेवणं, झोप आणि जेवण रुळावर आणणं, निदान पक्कं करणं, औषध सुरू करून त्याचा त्रास होतो का ते बघणं, इतकंच तिचं काम. आजार का झाला, घरातले ताण कुठले, अभ्यासाचं काय, ही शाकारणी नंतर महिनोन् महिने ओपीडीत चालते.

हे आधीच लक्षात घेतलं नाही की फसगत होते. ‘बारा दिवस ठेवलं तरी पहिल्यासारखा झाला नाही’ ही तक्रार वॉर्डाबाहेर पडताना बरेच पालक करतात. बारा दिवसांत पहिल्यासारखा होणारच नव्हता. नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळीचा पुरता परिणाम दिसायलाच साधारण चार ते सहा आठवडे लागतात. भरती बहुधा काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत असते.

कोणाला भरती करतात?

जिवाला धोका हे पहिलं कारण: आत्महत्येचा प्रयत्न झालाय, किंवा ठरवून तयारी केलेली दिसते. दुसरं, वास्तवाशी संबंध सुटणं, म्हणजे कानात आवाज येणं, घरचेच विष घालतात अशी पक्की समजूत होणं. डॉक्टर याला सायकोसिस म्हणतात. तिसरं, मॅनिया: चार-चार रात्री दोन तासांच्या झोपेवर मूल उत्साहाने उसळतंय, पैसे उधळतंय, अडवलं की अंगावर येतंय. चौथं कारण आपल्याकडे उशिरा लक्षात येतं. खाणं इतकं तुटतं की वजन, नाडी आणि रक्तातले क्षार घसरतात. अशा मुलीला कधी कधी आधी मेडिसिन किंवा बालरोग वॉर्डात ठेवावं लागतं, कारण उपाशी शरीराला एकदम भरपूर खाऊ घालणंही घातक ठरतं.

कटकट, उद्धटपणा, मोबाइलचं वेड, नापास होणं ही भरतीची कारणं नव्हेत. ‘चार दिवस आत टाका, सुधारेल’ अशी मागणी करणाऱ्या पालकाला चांगला डॉक्टर परत पाठवतो.

‘आम्ही घरीच लक्ष ठेवू’

हा आक्षेप प्रेमापोटी येतो, म्हणून डॉक्टरही तो चटकन खोडत नाहीत. पण लक्ष ठेवणं म्हणजे काय ते मोजून बघा. वॉर्डात जास्त धोक्याच्या मुलाजवळ माणूस हाताच्या अंतरावर असतो, संडासातसुद्धा दार लोटलेलं. त्याखालच्या पातळीवर दर १५ मिनिटांनी नोंद होते. चोवीस तासांत ती ९६ वेळा. घरी आई-वडील दोन-तीन रात्री हे करतात, चौथ्या रात्री पहाटे तीन वाजता डोळा लागतो. तो लागणारच.

धोका मध्यम असेल, घरात पाळीने जागणारी तीन-चार मोठी माणसं असतील आणि एक-दोन दिवसांआड डॉक्टर बघणार असतील, तर घरी सांभाळणं जमू शकतं. हा पर्याय डॉक्टरांना थेट विचारा. कायदाही तेच सांगतो: बाहेरचे उपाय अपुरे पडले किंवा उघडच गैरलागू असतील तरच मुलाला भरती करता येते.

सही कोणाची, तपासणी कोणाची

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. अल्पवयीन मुलांची भरती त्याच्या कलम ८७ खाली होते. पालकाला हा कायदा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ म्हणतो, म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेणारा माणूस. मुलाच्या बाबतीत तो कायदेशीर पालकच, पुनर्विलोकन मंडळाने (त्याविषयी पुढे) वेगळा आदेश दिला नसेल तर.

अर्ज तुम्ही करायचा. मग दोन जणांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासायचं. त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. दुसरा मनोविकारतज्ज्ञ, अन्य मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा साधा डॉक्टर चालतो. ही तपासणी भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी. आजार भरतीइतका गंभीर आहे, भरती मुलाच्या हिताची आहे आणि त्याशिवाय भागणार नाही, असं दोघांचंही मत पडायला हवं. हे ठरवताना मुलाची इच्छाही विचारात घ्यायची असते. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला ‘फक्त चेकअपला चाललोय’ म्हणून फसवून नेऊ नका. गेटपर्यंत ते सोपं वाटतं, पण पुढचा आठवडाभर मूल कोणाचंच ऐकत नाही. ‘तुझा जीव धोक्यात आहे असं मला वाटतंय, डॉक्टर ठेवून घेतील, मी तुझ्यासोबत राहणार आहे’ एवढी तीन वाक्यं पुरतात.

मुलगी असेल आणि सही करणारे वडील असतील, तर सोबतीला बाईमाणूस हवं: आई, आजी, मावशी, आत्या, कोणीही प्रौढ स्त्री. मुलांची राहण्याची सोय मोठ्या रुग्णांपासून वेगळी असायला हवी, हेही कायद्यात आहे. कागदावर. प्रत्यक्षात किशोरवयीनांचे वेगळे वॉर्ड फार थोडे आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मनोविकार संस्थेत तसा विभाग आहे. इतरत्र बाजूची खोली किंवा पार्टिशन देतात. ‘माझं मूल कुठे झोपेल?’ असं विचारून ती जागा सही करण्याआधी डोळ्यांनी बघा.

भरतीची खबर रुग्णालयाला ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. या मंडळाचे अध्यक्ष आजी-माजी न्यायाधीश असतात. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, डॉक्टर, आणि रुग्ण, त्यांचे काळजीवाहक किंवा संस्था यांतून आलेले दोन सदस्य. मंडळ हवं तेव्हा मुलाला भेटू शकतं. भरती ३० दिवसांवर गेली तर त्याला सात दिवसांत तपासणी करावीच लागते, आणि पुढे दर ३० दिवसांनी. याला पोलीस चौकशी समजून घाबरू नका. कोणी मूल आत विसरून जाऊ नये म्हणून ठेवलेला हा पहारा आहे.

अकरावी-बारावीच्या मुलांबाबत एक खाच लक्षात ठेवा. भरती असतानाच अठरावा वाढदिवस आला, तर त्या दिवसापासून मूल स्वेच्छेने दाखल झालेला प्रौढ रुग्ण ठरतं. सही आता त्याची.

पोलीस येतील का?

स्वतःला इजा केलेलं मूल कॅज्युअल्टीत आलं की रुग्णालय एमएलसी करतं, म्हणजे पोलिसांना कळवतं. एखादा हवालदार जबाब घ्यायला येतो आणि घरचे हादरतात. पण २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं दंडविधानाचं जुनं कलम ३०९ घेतलेलंच नाही. जबाबाच्या भीतीने ‘पाय घसरून पडली’ किंवा ‘चुकून गोळ्या खाल्ल्या’ असं सांगणाऱ्यांचं नुकसान दुहेरी होतं. पोट बिघडल्याचे उपचार होतात आणि मनाचा डॉक्टर बोलावलाच जात नाही.

कुठे आणि कसं न्यायचं

काही गिळलं असेल किंवा जखम असेल तर आधी जवळच्या जनरल हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, मनोविकार वॉर्ड नंतर. रिकामं पाकीट किंवा बाटली सोबत घ्या. मूल ‘मी आता ठीक आहे’ म्हणालं तरी न्याच. काही गोळ्यांचा यकृतावरचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. रुग्णवाहिकेसाठी १०८. स्वतःच्या गाडीने निघालात तर मुलाला मागच्या सीटवर मधे बसवा, दोन्ही बाजूंना मोठी माणसं, दारांना चाइल्ड लॉक. दुचाकी नको. तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत प्राथमिक उपचार देऊ शकतो आणि योग्य जागी हलवू शकतो, त्यामुळे तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ नाही म्हणून थांबून राहू नका.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची संस्था. पण मुलासाठी पहिली निवड म्हणून सरकारी किंवा पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग बघा. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे. तिथे त्याच आवारात बालरोग, मेंदूविकार आणि रक्त तपासणी मिळते, आणि सगळ्या कागदांवर नाव साध्या हॉस्पिटलचं येतं. शाळेत दाखला देताना या शेवटच्या गोष्टीचा उपयोग होतो.

काय करावं तेच सुचत नसेल तर १४४१६ ही टेली मानस हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, फोन फुकट, मराठीतून बोलता येतं.

पिशवी

दारातच झडती होते. सिस्टर आणि वॉर्डच्या मावशी पिशवी टेबलावर रिकामी करतात. ट्रॅकपँटची नाडी ओढून काढली जाते, बुटांच्या लेसा सुटतात, पट्टा, ओढणी, लांब वायरचा चार्जर, काचेची बाटली, रेझर, आरसा बाजूला पडतो. टीशर्ट घड्या उलगडून परत ठेवले जातात. मूल हे सगळं उभं राहून बघत असतं आणि त्याला फार अपमान वाटतो. घरूनच इलॅस्टिकचे पायजमे, चपला आणि प्लॅस्टिकची बाटली भरली तर हा प्रसंग दोन मिनिटांत आटपतो.

सोबत चार-पाच जोड कपडे, घरचं पांघरूण, एखादं पुस्तक. मुलाचं आणि तुमचं आधार, विम्याचं कार्ड, जुने केसपेपर, चालू औषधं मूळ पाकिटासकट. आयुर्वेदिक भस्म, काढा, कोणी दिलेला अंगारा-भस्म जे पोटात गेलंय तेही सांगा. कोणी हसणार नाही, पण काही गोष्टींची औषधांशी गाठ पडते. घटस्फोट झालेला असेल तर ताब्याच्या आदेशाची प्रत. आणि एका कागदावर तारखांनिशी: झोप कधी मोडली, शाळा कधी सुटली, आधी काय दिलं, घराण्यात कोणाला असा त्रास होता. हा एक पानाचा कागद तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त कामाचा.

एक वस्तू मात्र हमखास सुटते: आईच्या पर्समधल्या बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या. मुलाच्या पिशवीची झडती झाली आणि पर्स उशाशी राहिली, असं होऊ देऊ नका. आपली औषधंही सिस्टरच्या काउंटरवर जमा करा आणि वेळेवर मागून घ्या.

वॉर्डातला दिवस

पहिल्या दिवशी वजन, बीपी, ईसीजी आणि रक्त: हिमोग्लोबिन, साखर, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, बी-१२. कधी एमआरआय किंवा मेंदूचा आलेख. ‘मनाच्या आजाराला रक्त कशाला?’ तर थायरॉइड बिघडला की तोही उदासीसारखा दिसतो. आणि २००७ मध्ये ओळखला गेलेला मेंदूदाहाचा एक प्रकार आहे, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते. तरुण मुलींमध्ये तो अचानक भास, असंबद्ध बडबड, आकडी आणि तोंडाच्या विचित्र हालचाली घेऊन येतो आणि सुरुवातीला हुबेहूब मनोविकार वाटतो. त्याचे उपचार पूर्ण वेगळे. मुलींची गरोदरपणाची चाचणीही काही औषधांआधी करतात. त्यात संशय घेण्याचा भाग नाही, व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला घातक असतं म्हणून ती करायची.

सकाळी राऊंड होतो. राऊंडला डॉक्टर पाच-सात मिनिटंच थांबतात, म्हणून प्रश्न रात्रीच लिहून ठेवा. दुपारी मानसशास्त्रज्ञ मुलाशी बोलतो. तो औषध देत नाही, बोलून उपचार आणि चाचण्या करतो. सोशल वर्कर तुमच्याशी बोलेल, घरात कोण काय म्हणतं, पैशाची अडचण आहे का वगैरे. या माणसाला टाळू नका. शाळा, विमा, सवलती, पुढची सोय यांचे धागे त्याच्याच हातात असतात.

गोळी द्यायची वेळ झाली की सिस्टर पाणी देतात, गोळी गिळायला लावतात, मग ‘आ कर, जीभ वर कर’ म्हणून बघतात. जिभेखाली आणि गालात गोळी ठेवून नंतर थुंकणं किंवा साठवणं हे मुलांना फार पटकन जमतं. त्यामुळे ‘ठेवा, मी नंतर देते’ असं म्हणून गोळी हातात घेऊ नका.

तुमचं खरं काम वहीचं. किती वाजता झोप लागली, किती वेळा उठलं, किती पोळ्या खाल्ल्या, पोट साफ झालं का. डॉक्टरांना पाच मिनिटांत दिसत नाही ते तुम्हाला चोवीस तास दिसतं. दोन गोष्टी दिसल्या की वहीत लिहीत न बसता लगेच सिस्टरला हाक मारा. मान किंवा जबडा एका बाजूला ताठ होणं, डोळे वर जाणं: काही औषधांनी असं होतं, दिसायला भयंकर, पण एका इंजेक्शनने सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतं. दुसरी, सतत येरझाऱ्या, बसवत नाही, पाय हलतच राहतात. हा अस्वस्थपणा औषधाचाही असू शकतो. ‘आजार वाढला’ असं समजून डोस वाढवला गेला तर तो आणखी चिघळतो.

लिथियम (मॅनियासारखे मनाचे चढउतार आवरणारं औषध) सुरू झालं तर त्याची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी बघतात. रात्री ९ ला गोळी, सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. हा क्रम चुकला की आकडा खोटा येतो आणि डोस चुकतो.

चौथा दिवस

पहिले दोन-तीन दिवस मूल बरंच झोपतं. पालक घाबरतात: ‘गुंगी देऊन ठेवलंय.’ काही अंशी औषधाचा परिणाम असतो, काही अंशी महिनाभराची राहिलेली झोप. जेवायलाही उठत नसेल, चालताना झोकांड्या जात असतील, तर डोस जास्त आहे का हे विचारायलाच हवं. तसं नसेल तर झोपू द्या.

मग मूल जागं होतं, आणि भडकतं. ‘तू मला इथे टाकलंस.’ ‘मी आता बरी आहे, घरी ने नाहीतर तुझ्याशी बोलणार नाही.’ बाजूच्या खाटेवरचा रुग्ण रात्री ओरडलेला असतो, अंघोळीला थंड पाणी आलेलं असतं, तुमची स्वतःची पाठ बाकावर झोपून मोडलेली असते. कायद्याने पालकाने मागितला तर डिस्चार्ज द्यावाच लागतो. बरेच जण इथेच ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ कागदावर सही करून निघतात. ताडपत्री अर्धी बांधून काढली जाते ती इथे.

सही करण्याआधी एक दिवस मागून घ्या आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: भरतीच्या दिवशी जो धोका होता तो आज किती आहे? आज नेलं तर घरी नेमकं काय करावं लागेल? अजून किती दिवस, आणि त्यात काय साधायचंय? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेणं रास्तच आहे. मुलाला मात्र ‘उद्या नेतो’ असं खोटं वचन देऊ नका. ‘तू चिडलायस ते कळतंय, आज नेणार नाही, मी इथेच आहे’ इतकं बोलून गप्प बसलात तरी चालेल. सोबतीला दोन माणसांची पाळी लावा, बारा-बारा तासांची. एकट्या आईला पंधरा दिवस आत ठेवणं ही आपल्या घरांची वाईट खोड आहे; वडिलांची रजा अशा वेळी नाही तर कधी वापरायची?

शॉक देतील? बांधून ठेवतील?

अल्पवयीन मुलांना विजेचे उपचार देण्यावर कायद्याने बंदी आहे. अपवाद एकच: डॉक्टरांना ते गरजेचे वाटले, पालकाने समजून-उमजून संमती दिली आणि मंडळाने आधी परवानगी दिली तर. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ते कोणालाच देता येत नाहीत. साखळीने बांधायला पूर्ण बंदी, एकांतात कोंडायलाही. धरून ठेवणं किंवा मऊ पट्ट्यांनी बांधणं हा तातडीचा धोका टाळायचा शेवटचा उपाय म्हणून, डॉक्टरांच्या परवानगीने, नोंद करून आणि गरज असेल तितकाच वेळ. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. तसं केलं तर तुम्हाला २४ तासांत कळवायला हवं. असं काही घडलं तर नोंद दाखवा म्हणून मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि पटलं नाही तर मंडळाकडे तक्रार करता येते.

‘डॉक्टर आम्हालाच सांगत नाहीत’

मनोविकारतज्ज्ञ मुलाला एकटं भेटतो आणि सगळं बाहेर सांगत नाही. पालकांच्या ते मनाला लागतं. पण सोळा वर्षांच्या मुलाला आपलं बोलणं तासाभरात आईच्या कानावर जातं हे कळलं की तो बोलायचा थांबतो, आणि मग उपचार अंदाजाने चालतात. जिवाचा धोका असेल ते तुम्हाला सांगितलंच जातं. औषध आणि निदानही, कारण संमती तुमची. मैत्री, प्रेम, तुमच्याबद्दलचा राग हे मूल सांगेल तेव्हा.

एक गोष्ट मात्र कोणालाच झाकता येत नाही. लैंगिक अत्याचार उघड झाला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने रुग्णालयाला ते कळवावंच लागतं, करणारा घरातला असला तरी. ‘आमच्या घरातलं आम्ही बघून घेऊ’ ही विनंती डॉक्टरला मान्य करता येत नाही.

बाहेरच्यांसाठी रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. शाळेच्या दाखल्यावर ‘वैद्यकीय उपचाराखाली’ एवढं पुरतं. सीबीएसईत ७५ टक्के हजेरी लागते आणि वैद्यकीय कारणासाठी सूट मागता येते. तो अर्ज परीक्षेच्या तोंडावर नव्हे, भरती असतानाच द्या.

पैसे

विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यायचं, असं कायद्याचं कलम २१ सांगतं. विमा नियामकाने २०२२ मध्ये कंपन्यांना ते पुन्हा बजावलं. तरी पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी, खोलीभाड्याची मर्यादा आणि वगळलेल्या गोष्टी वाचा. तातडीच्या भरतीची खबर बहुतेक पॉलिसींत २४ तासांच्या आत द्यावी लागते. खासगी रुग्णालयात डिपॉझिटशिवाय रोजच्या खाटेच्या दरात काय धरलंय ते विचारा: सोबतच्याचं जेवण, मानसशास्त्रज्ञाची फी आणि चाचण्या बऱ्याचदा वेगळ्या लागतात.

घरी आल्यावर

डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जपायचे असतात, भरतीइतकेच. मूल थोडं सावरलेलं असतं, हातापायांत बळ येतं, पण विचार अजून पुरते गेलेले नसतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये नैराश्यावरच्या गोळ्यांवर मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला तो याच काळासाठी: औषध नवं असताना किंवा डोस बदलताना अस्वस्थता आणि स्वतःला संपवण्याचे विचार वाढतात का ते बघा. गोळी टाळा असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून वॉर्डातून निघण्याआधीच घर आवरायला एक माणूस पाठवा. आजोबांच्या हृदयाच्या गोळ्या, फिनेल, उंदराचं औषध, शेतीची फवारणीची बाटली हे सगळं कुलपात. फवारणीचं औषध तर घरातच नको. गच्चीची किल्ली तुमच्याकडे. मुलाची औषधं एका वेळी आठवड्यापुरतीच आणा आणि हातावर द्या.

डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं, वेळा, पुढची तारीख आणि रात्री-अपरात्री फोन करायचा नंबर आहे का ते काउंटरवरच तपासा. पहिली भेट सात दिवसांच्या आत हवी. मुलासोबत एक साधा कागद करा: विचार दाटून आले की आधी कसं जाणवतं, तेव्हा मी स्वतः काय करेन, कोणाला फोन करेन, आणि तेही नाही जमलं तर कुठे जायचं. तो मुलाच्या अक्षरात हवा, तुमच्या नाही. शाळा आधी अर्धा दिवस. वर्गशिक्षकांना सांगायला एक वाक्य आधीच ठरवा, आणि भावंडांनाही तेच सांगा, म्हणजे तोंडं वेगवेगळी होत नाहीत.

लिथियम चालू असेल तर जुलाब-उलटी झाली की डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, कारण पाणी कमी झालं की त्याची रक्तातली पातळी चढते; ब्रुफेनसारखी वेदनाशामकंही मनाने देऊ नका. आणि पहिल्या भेटीला जाताना उरलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. सात दिवसांच्या चौदा गोळ्यांपैकी पाच शिल्लक दिसल्या, तर औषध लागू पडत नाही की पोटात जात नाही, हा प्रश्न डॉक्टरांच्या टेबलावरच सुटतो.